माय ८२ वर्षांची, पित्तनळीत खडा: दुर्बीण करावी का?

पत्र

डॉक्टरसाहेब, माझं माहेर वसमत तालुक्यातलं, सासर परभणीचं. माय ८२ वर्षांची आहे, गावी दोन भावांकडे राहते. तीन आठवडे झाले, तिला कावीळ आहे. मागच्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला म्हणून नांदेडला ॲडमिट केलं. सलाईन आणि अँटिबायोटिकनं ताप उतरला, घरी आणलं. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळीच्या एमआरआयमध्ये, पित्तनळीत ११ मिलिमीटरचा खडा दिसलाय, पित्ताशयातही खडे आहेत. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ७.४, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) १.५. तीन वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हृदयाचं पंपिंग ४५ टक्के सांगितलंय. डॉक्टर म्हणतात ईआरसीपी, म्हणजे दुर्बीण, करून खडा काढा, लांबवू नका. मोठा भाऊ म्हणतो या वयात दुर्बीण झेपायची नाही. आमच्या भावकीतले एक काका दुर्बीण केल्यावर आठ दिवसांत गेले. शिवाय सध्या हळद शिजवायचं काम चालू आहे, ते उरकलं की बघू म्हणतो. धाकटा म्हणतो, दुर्बीण कशाला, पोट उघडून एकदाच काय ते ऑपरेशन करा. वहिनी काविळीच्या औषधाला नेऊन आणू म्हणतात. आणि माय म्हणते, मला कुठंच नेऊ नका. मी पडले लेक, माझं कोण ऐकतंय? पण मला खरं सांगा, या वयात ही दुर्बीण सुरक्षित आहे का?
— एक लेक, परभणी

उत्तर

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. मायला न्या, आणि याच आठवड्यात न्या. तिचं वय हे दुर्बीण नाकारायचं कारण नाही. तिचं हृदय, ती गोळी आणि ते क्रिएटिनिन यांची मात्र आधी नीट तयारी करावी लागेल. आणि मध्येच पुन्हा थंडी वाजून ताप आला, तर ‘या आठवड्यात’ हा शब्दही विसरा. त्याच रात्री निघा.

मी स्वतः दुर्बीण करणारा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. असे म्हातारे पेशंट माझ्याकडे दुर्बिणीच्या आधी ‘फिटनेस’साठी येतात आणि नंतर बीपी-शुगरच्या गोळ्या पुन्हा बसवायला येतात. त्यामुळे दुर्बीण करणाऱ्याची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. जिथं नको वाटतं, तिथं मी नको म्हणतो.

तुमच्या घरात चौघांची चार मतं आहेत, पण सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडलीय. जो तो ‘दुर्बीण करावी की काहीच करू नये’ असा विचार करतोय. ‘काहीच न करणं’ असं काही उरलेलंच नाही. खडा नळीत बसलेला आहे आणि त्याचं काम चालू आहे. म्हणून दुर्बिणीचा धोका मोजायचा तो त्या खड्याच्या धोक्याशी मोजायचा.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते एका बोरूएवढ्या नळीतून आतड्यात उतरतं. त्या नळीच्या तोंडाशी खडा अडकला की पित्त मागं तुंबतं, रक्तात चढतं, डोळे-लघवी पिवळी होते, अंगाला खाज सुटते, शौचाचा रंग मातकट-पांढुरका होतो. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. दाब वाढला की ते जंतू रक्तात शिरतात आणि पेशंटला हुडहुडी भरते. मायला मागच्या आठवड्यात झालं ते हेच. अँटिबायोटिकनं जंतू दबले, अडथळा तसाच आहे. ठिबकच्या नळीत खडा अडकल्यावर पाण्यात कितीही औषध सोडलं तरी पुढच्या झाडाला थेंब जात नाही, तसंच. ताप परत येणार. उद्या की महिन्याभरानं, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि भीती नेमकी तीच आहे.

आता मोठ्या भावाच्या ‘वय झालंय’ या मुद्द्याकडे येऊ. पित्तनळीच्या या संसर्गाची तीव्रता ठरवायला जगभर ‘टोकियो मार्गदर्शक तत्त्वं’ वापरतात. पेशंट मध्यम गंभीर आहे हे ठरवायच्या खुणांमध्ये ३९ अंश सेल्सिअसवर ताप, पांढऱ्या पेशी खूप वाढणं, बिलिरुबिन ५ च्या वर जाणं यांच्या पंक्तीला वय ७५ च्या वर असणं हीसुद्धा एक खूण आहे. म्हणजे वय बघून डॉक्टर घाई करतात. भाऊ तेच वय बघून थांबा म्हणतोय. त्यात म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी दणदणीत ताप येईलच असंही नाही. नुसतं जेवण सोडतं, गप्प पडून राहतं, रात्री असंबद्ध बोलायला लागतं, बीपी उतरतं. घरचे म्हणतात, ‘वयानं होतंय.’ गावाकडून उशिरा येणारे पेशंट बहुतेक याच वाक्यामुळे उशिरा येतात.

वहिनींचं औषध. आपल्या भागात काविळीचं औषध देणारं एखादं गाव सगळ्यांना माहीत असतं. कुठं माळ घालतात, कुठं नाकात कडू रसाचे थेंब सोडतात. विषाणूची कावीळ बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांत आपली आपण ओसरते आणि श्रेय माळेला मिळतं. मायची कावीळ त्या जातीची नाही. खडा माळेनं हलत नाही. वहिनींना दुखवायला नको, माळ गळ्यात असू द्या हवं तर. नाकात, पोटात मात्र काही जाऊ देऊ नका आणि त्यासाठी एक दिवसही घालवू नका. आणखी एक बोलतो: अख्खा वसमत तालुका हळद पिकवतो आणि घरात कावीळ झाली की म्हातारीच्या ताटातली हळद, तेल, डाळ सगळं बंद! तीन आठवडे फिक्या भातावर काढलेली बाई टेबलावर घ्यायला जास्त अवघड असते. तळलेलं टाळा, बाकी तिला वरण, दूध, अंडं चालत असेल तर अंडं, जे जाईल ते द्या. चिमूटभर हळदीनं बिलिरुबिन वाढत नाही.

दुर्बीण म्हणजे नक्की काय करतात, हे भावांना समजावून सांगायला हवं. ‘दुर्बीण’ म्हटलं की त्यांना पोटाला तीन भोकं पाडून केलेलं ऑपरेशन आठवत असेल. ईआरसीपीत पोटाला कुठंही टाका पडत नाही. घशात बधिर करायचा कडू फवारा मारतात, दातांमध्ये प्लास्टिकची कडी देतात, पेशंटला पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपवून झोपेचं औषध देतात. बोटाएवढी लवचिक दुर्बीण तोंडातून जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचते. हिचा डोळा समोर नसतो, बाजूला असतो, कारण पित्तनळीचं तोंड आतड्याच्या भिंतीवर बारीक बोंडासारखं असतं. त्यातून केसासारखी तार आत घालतात, रंगद्रव्य सोडून एक्स-रेच्या पडद्यावर खडा बघतात, बोंडाला काही मिलिमीटरचा छेद देतात, मग तारेवरून फुगा नेऊन खड्याच्या मागं फुगवतात आणि खड्याला ओढत आतड्यात आणतात. सगळं सुरळीत गेलं तर अर्धा-पाऊण तास. पहिली ईआरसीपी १९६८ साली अमेरिकेत झाली. छेद देऊन खडा काढायची पद्धत १९७४ साली जर्मनी आणि जपानमध्ये जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली. तेव्हा भावाच्या मनात ‘हे काहीतरी नवीन निघालंय’ असं असेल, तर तसं नाही.

खडा आतड्यात पडतो आणि शौचावाटे जातो. पित्ताशयाच्या ऑपरेशनचे खडे डबीत घालून देतात, घरोघरी टीव्हीशेजारी ती डबी असते. इथं डबी मिळत नाही. ‘खडा दाखवा, मगच बिल भरतो’ म्हणून हॉस्पिटलच्या काउंटरवर हुज्जत घालणारे मी बघितलेत. तुम्ही आधी आणि नंतरच्या एक्स-रेच्या फोटोंची प्रत मागा. पहिल्यात नळीत खड्याचा डाग दिसतो, दुसऱ्यात नळी मोकळी.

आता धोका. हे गोड करून सांगणार नाही. शंभर जणांची ईआरसीपी केली तर साधारण तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी एकाच तोंडाशी उघडते, तिथं हाताळणी झाली की शेजारच्याला त्रास होतो. बहुतेकांची सूज सलाईनवर दोन-चार दिवसांत उतरते, थोड्यांची गंभीर होते. छेदातून लक्षात येण्याजोगा रक्तस्राव शंभरात एक-दोघांना. आतड्याला भोक पडणं शंभरात एकापेक्षा कमी. या प्रक्रियेमुळेच मृत्यू येणं हजारात काही मोजक्यांच्या वाट्याला. हे आकडे सगळ्या वयांचे मिळून आहेत. म्हाताऱ्या पेशंटमध्ये काय बदलतं? स्वादुपिंडाची सूज त्यांना उलट कमी येते. ती जास्त येते तरुण बायकांना, बिलिरुबिन नॉर्मल असताना, बारीक नळीत दुर्बीण केली तेव्हा. मायच्या बाबतीत यातलं काहीच नाही. खडा निघण्याचं प्रमाणही ऐंशीच्या वर गेलं म्हणून घसरत नाही. अनुभवी हातात दहातल्या नऊ जणांची नळी मोकळी होते, आणि ११ मिलिमीटर हा काही राक्षसी खडा नव्हे. १५ च्या वर गेला की झटापट सुरू होते. वाढतो तो हृदय-फुप्फुसाचा त्रास: झोपेच्या औषधात ऑक्सिजन उतरणं, बीपी पडणं, ठोके चुकणं, नंतर न्यूमोनिया. रक्तस्रावही थोडा जास्त. नव्वदीच्या पुढं हे आणखी वाढतं.

म्हणजे मायच्या दुर्बिणीत माझं लक्ष पित्तनळीपेक्षा तिच्या छातीवर राहील. म्हणून पहिली अट अशी की झोपेचं औषध दुर्बीण करणाऱ्यानं स्वतः देऊन चालणार नाही. भूलतज्ज्ञ वेगळा हवा, आणि त्याचं काम फक्त तिच्या श्वासाकडे, बीपीकडे बघणं. ४५ टक्के पंपिंगवर ही प्रक्रिया होते. ताजा ईसीजी आणि टूडी एको करून घ्या. अलीकडं धाप वाढलीय का, पायावर सूज आहे का, रात्री उशा वाढवून झोपावं लागतं का, हे भूलतज्ज्ञाला न विचारता सांगा. स्वादुपिंडाची सूज टाळायला दुर्बिणीच्या वेळी भरपूर सलाईन द्यायची रीत आहे. अशक्त हृदयाला ते सलाईन जड जाऊ शकतं, त्यामुळे मोजून द्यावं लागतं. त्याच कारणासाठी गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची एक गोळी ठेवतात. ती गुणकारी आहे, पण क्रिएटिनिन १.५ असल्यानं द्यायची की नाही हे तिथले डॉक्टर तिच्या वयाचा आणि वजनाचा हिशेब करून ठरवतील. क्रिएटिनिनवरून भावाला रंगद्रव्याची भीती असेल तर ती सोडायला सांगा. सीटी स्कॅनचं औषध शिरेतून रक्तात जातं. इथलं रंगद्रव्य पित्तनळीत सोडतात, किडनीपर्यंत फारसं पोचत नाही.

रक्त पातळ करायची गोळी. यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तीन वर्षांपूर्वीच्या अँजिओप्लास्टीनंतर बहुधा एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी दोन औषधं असतील, पाकिटावर बघा. ॲस्पिरिन चालू ठेवून दुर्बीण आणि छेद दोन्ही करता येतात. क्लोपिडोग्रेल छेदाआधी पाच ते सात दिवस बंद ठेवतात. पण ते बंद करायचं की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगायचं, शेजारच्यानं किंवा मेडिकलवाल्यानं नाही. दोन्ही एकदम बंद करून चार दिवसांनी हार्ट अटॅक घेऊन आलेले पेशंट मी पाहिलेत. कॅप्सूल एकच असेल तर हृदयाचे डॉक्टर बहुधा तेवढ्या दिवसांपुरती नुसत्या ॲस्पिरिनची वेगळी गोळी लिहून देतील. फोन आजच करा, कारण ते पाच-सात दिवस मोजायला आजपासूनच सुरुवात होईल. आणि तेवढे दिवस थांबायला वेळ नसेल, पुन्हा ताप आला, तर? तर छेद न देता तारेवरून नुसती प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, खड्याच्या बाजूनं बसवतात. पित्त वाहतं, ताप उतरतो, जीवावरचं टळतं. खडा मागाहून, गोळी थांबवून, सावकाश काढता येतो. दोन वेळा दुर्बीण करायला लावली म्हणजे डॉक्टर पैसे काढतोय, असा अर्थ घरात कुणी काढू नये. म्हाताऱ्या, आजारी पेशंटमध्ये पहिल्या वेळी थोडक्यात आवरतं घेणं हा शहाणपणा असतो.

अजून एक तपासणी विसरली जाते: पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणं. पित्त आतड्यात उतरत नसलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि गोळीविनाच रक्त पातळ होतं. तीन आठवड्यांच्या काविळीनंतर हा आकडा बघितल्याशिवाय छेद देऊ नये. वाढलेला असेल तर व्हिटॅमिन केची इंजेक्शनं देऊन तो बहुतेक वेळा खाली येतो.

भावकीतल्या काकांचं. ते कशानं गेले हे मला इथून सांगता येणार नाही आणि तुम्हालाही बहुधा नीट माहीत नसेल. त्यांच्या मुलाला शांतपणे विचारा: खडा होता की नळीला गाठ होती? नेलं तेव्हा शुद्ध हरपली होती का, लघवी कमी झाली होती का, बीपी वर ठेवायची औषधं शिरेतून चालू होती का? नंतर पोटात असह्य दुखायला लागलं होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर दुर्बिणीचाच त्रास झाला असेल. तसं होतं, मी वर आकडे दिलेत. पण आधीच्या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ येऊ लागली, तर त्यांना न्यायला उशीर झाला होता असं समजायला जागा आहे. दुर्बीण केल्यावर गेलेला माणूस दहा गावांना माहीत होतो. दुर्बीण न केल्यानं गेलेल्याच्या नावापुढं नुसतं ‘कावीळ झाली होती’ एवढंच लागतं.

धाकट्या भावाचं ‘एकदाच काय ते ऑपरेशन’. त्याच्या मनात खोट नाही, पण तो मायला जास्त मोठ्या संकटात घालायला निघालाय. १९९२ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी पित्तनळीच्या गंभीर संसर्गाच्या ८२ पेशंटची दोन गटांत विभागणी केली, ४१ जणांचं पोट उघडून ऑपरेशन, ४१ जणांची दुर्बिणीनं नळी मोकळी. ऑपरेशनच्या गटात ३२ टक्के दगावले, दुर्बिणीच्या गटात १० टक्के. तेव्हापासून अशा वेळी आधी दुर्बीण ही रीत पक्की झाली. भूलशास्त्र तेव्हापेक्षा आज पुष्कळ सुधारलंय, तरी ८२ वर्षांच्या, पंपिंग ४५ असलेल्या बाईचं पोट उघडणं हा पहिला पर्याय कुणी शहाणा सर्जन सांगणार नाही. दुर्बिणीनं जमलंच नाही तर बाहेरून बरगडीखालून यकृतात सुई घालून नळी सोडता येते, आणि ऑपरेशन त्याच्याही पुढं आहे. धाकट्याचा एक मुद्दा मात्र खरा. पित्ताशयातले खडे मागं राहतातच, आणि त्यातला एखादा पुन्हा नळीत उतरू शकतो. धडधाकट माणसाला म्हणूनच दुर्बिणीनंतर लवकर पित्ताशय काढायला सांगतात. मायचं पित्ताशय काढायचं की नाही, हा निर्णय कावीळ उतरून ती चालती-फिरती झाल्यावर घ्या. हृदय बघून ‘राहू द्या’ असं ठरलं तरी छेदानं नळीचं तोंड मोठं झाल्यानं पुढचे बारीक खडे पडून जायची शक्यता बरी असते.

कुठं न्यायचं? तुमच्याकडून हैदराबादची वाट धरणारे पुष्कळ आहेत. सवड असेल आणि झेपत असेल तर माझी ना नाही. पण ही दुर्बीण आता नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरलाही होते, आणि तापानं फणफणलेल्या म्हातारीला गाडीत घालून रात्रभर हैदराबादकडे नेण्यापेक्षा वसमतहून तासाभराचं नांदेड कधीही बरं. शहर बघू नका, हात बघा. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘साहेब, तुम्ही आठवड्याला किती ईआरसीपी करता?’ चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही. महिन्याकाठी एखादी करणारा नको. आयसीयू त्याच इमारतीत आहे का, भूलतज्ज्ञ वेगळा आहे का, नळी मोकळी नाही झाली तर पुढं काय करणार, हेही विचारून घ्या. आणि नुसतं ‘आत काय आहे बघायला’ म्हणून ईआरसीपी सुचवत असतील तर उठून या. बघण्याचं काम एमआरसीपीनं झालंय, ईआरसीपी फक्त काढण्यासाठी करायची.

दुर्बिणीच्या दिवशी कवळी काढून तुमच्या पिशवीत ठेवा; चष्मा आणि कानाचं यंत्र मात्र प्रक्रिया झाली की लगेच तिला द्या. झोपेच्या औषधानंतर ऐकू न येणारी, न दिसणारी म्हातारी रात्री बावचळते, सलाईन ओढते, पलंगावरून उतरायला जाते आणि खुब्याचं हाड मोडून घेते. ती पहिली रात्र ओळखीचं माणूस उशाशी हवं. तुम्हीच थांबा, नातवावर सोपवू नका. पोटात दुखून पाठीत कळ जायला लागली, उलट्या सुरू झाल्या, पोट कडक झालं, मानेभोवती सूज आली तर सकाळची वाट बघू नका, नर्सला उठवा. घरी आल्यावर आठ-दहा दिवस शौचाचा रंग बघत राहा; डांबरासारखं काळं झालं तर छेदातून रक्त जातंय. क्लोपिडोग्रेल परत कधी सुरू करायचं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

स्टेंट टाकलाच, तर तो कायमचा नसतो. प्लास्टिकची नळी तीन महिन्यांच्या आत काढायची किंवा बदलायची असते. डोळ्यांचा पिवळेपणा गेला की घरच्यांना स्टेंट आठवत नाही; वर्ष-दीड वर्षानं तीच नळी गाळानं बुजून, तिच्याभोवती नवे खडे धरून पेशंट पुन्हा हुडहुडत येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख भावाच्या हातानं लिहून घ्या.

आता माय. बाकी तिघांची मतं तुम्ही सविस्तर कळवलीत, मायचं एका ओळीत. ती नको का म्हणते, हे कुणी विचारलं का? या वयाच्या बायका ‘मला कुठं नेऊ नका’ म्हणतात तेव्हा मनात पुष्कळदा दुसरंच असतं: पोरांचा पैसा जाईल, हळदीच्या दिवसांत गड्यांना भाकरी कोण घालील, मागच्या वेळी दवाखान्यात कुणी नीट बोललं नाही. भाऊ शेतात असताना, तुम्ही दोघीच असताना विचारा. सांगा की चिरफाड नाही, झोपेत करतात, दोन-तीन दिवसांत घरी. खाज थांबेल हे आवर्जून सांगा. खाजेनं ती रात्रभर झोपत नसेल, आणि तिला मिलिमीटरपेक्षा ते लवकर पटेल. एवढं समजून-उमजूनही ती ठाम नको म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे, आणि मग ताप-दुखणं कमी ठेवणारे उपचार तरी द्यायचे. अंथरुणाला खिळलेल्या, कुणाला न ओळखणाऱ्या, आधीच शेवटाला लागलेल्या माणसाच्या घरच्यांना मी स्वतः ‘राहू द्या’ म्हणतो. तुमच्या पत्रातली माय तशी वाटत नाही. महिन्यापूर्वी ती स्वतःची कामं स्वतः करत होती का, हे मात्र डॉक्टरांना नक्की सांगा. तिच्या जन्मतारखेपेक्षा ती माहिती त्यांना जास्त उपयोगी पडते.

पैशांचं एवढंच. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं कवच देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळतंय. आधार कार्डावर निघतं. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. ज्या हॉस्पिटलात नेणार तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) ॲडमिट व्हायच्या आधी विचारा की ईआरसीपी आणि स्टेंट त्या हॉस्पिटलात योजनेत बसतं का. १४५५५ किंवा १५५३८८ वर फोन करूनही चौकशी होते. नंतर धावपळ करून कागद जुळत नाहीत.

तुमचं कोण ऐकणार म्हणालात. हे उत्तर मोठ्या भावाच्या मोबाइलवर पाठवा आणि हळदीच्या कढईपाशी जाऊन त्याच्याशी बोला. काम चार दिवस गडी बघतील, धाकटा आहे. अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, एमआरसीपीची सीडी, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड आजच एका पिशवीत भरून ठेवा. निघायच्या आधीच मायला थंडी वाजली, बोलणं तुटक झालं किंवा लघवी कमी झाली, तर १०८ ला फोन लावा आणि ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे सांगा: पित्तनळीत खडा आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.